आधी ऑर्गन वाजवून दाखवा

संगीत नाटकातली पदं पेटीवर होतात आणि चांगली होतात. पण ज्यांनी ती ऑर्गनच्या साथीने ऐकली आहेत, त्यांना नुसत्या पेटीवर काहीतरी उणं वाटत राहतं. ऑर्गनचा भाता पायाखाली असतो. त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात, सूर मध्येच तुटत नाही आणि गाणाऱ्याच्या मागे तो भरून उभा राहतो. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असत. पुढच्या पिढीत गोविंदराव पटवर्धनांनी पेटी आणि ऑर्गन दोन्हींवर संगीत नाटकं सांभाळली. मी पुण्यात ज्यांच्याकडे शिकले त्या सरांकडे एक घडीचा ऑर्गन होता, आणि माझा कान त्यावरच तयार झाला.

न्यू जर्सीत आमच्या मंडळाने नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरवला तेव्हा मी कीबोर्डवरचं ‘रीड ऑर्गन’ हे बटण दाबून बघितलं. त्यावर आमच्या गायिकेचा आवाज बसेना. शेवटी खरा ऑर्गन शोधायचं ठरलं. शोधायला लागल्यावर कळलं की आपण योग्य जागी राहतो आहोत. मेसन अँड हॅमलिन ही कंपनी १८५४ मध्ये बॉस्टनला सुरू झाली. व्हर्माँटमधल्या ब्रॅटलबरो गावात एस्टी कंपनीने १९६० साली बंद पडेपर्यंत पाच लाखांहून अधिक रीड ऑर्गन बनवले. शिकागोच्या बिलहॉर्न बंधूंनी घडी करून बॅगेसारखे उचलता येणारे ऑर्गन काढले, ते धर्मप्रचारकांबरोबर जगभर फिरले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातल्या पाद्रींसाठी एस्टीने तसेच घडीचे ऑर्गन बनवले. हे सगळं आज इथल्या माळ्यांवर, तळघरांत आणि बंद पडलेल्या चर्चमध्ये पडून आहे, आणि ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर लिलावाला येतं.

लिलाव म्हटला की लोक आधी किमतीचा विचार करतात. मलाही आधी भाव समजून घ्यावे लागले, कारण त्याशिवाय कुठली जाहिरात खोटी वाटावी हेच कळत नाही. नक्षीकाम केलेले, वर आरसा लावलेले मोठे दिवाणखान्यातले ऑर्गन इथे जवळजवळ फुकट मिळतात. ते हलवायला चार माणसं लागतात आणि घरात जागा कुणाला नसते. घडीच्या ऑर्गनला मात्र मागणी आहे. चालू स्थितीतला असेल तर काही शे डॉलर सहज पडतात. ईबेवर संपलेल्या लिलावांच्या किमती बघता येतात. मी पहिले काही आठवडे एकही बोली न लावता फक्त तेच बघत होते. ‘विकलेल्या वस्तू’ असं गाळून पाहिलं की खरा भाव दिसतो, विकणाऱ्याने मनाने टाकलेला नव्हे.

त्या अभ्यासामुळे पहिला लबाड लगेच ओळखू आला. एस्टीचा सैनिकी घडीचा ऑर्गन, फोटो झकास, किंमत चालू भावाच्या पाव हिस्सा. पहिल्या फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ईमेल पत्ता होता आणि पुढे लिहिलेलं होतं की बोली लावण्याआधी संपर्क करा. खातं जुनं होतं, आधीच्या गिऱ्हाइकांचे शेरे सगळे चांगले होते. पण शेरे एकेक करून वाचले तर ते लहान मुलांच्या कपड्यांबद्दल होते, आणि शेवटचा शेराही बराच जुना होता. असं झोपलेलं खातं एका दिवसात जागं होऊन ऑर्गन, सॅक्सोफोन, दोन महागड्या गिटारी आणि एक छोटा ट्रॅक्टर विकायला काढतं, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. खातं कुणा भल्या बाईचं असणार आणि तिचा पासवर्ड दुसऱ्याच कुणाच्या हाती लागलेला. फोटो गूगलच्या चित्रशोधात टाकला तर तोच ऑर्गन, तीच गालिच्याची कड, एका जुन्या वेगळ्या जाहिरातीत सापडली.

इथे बरेच जण खिडकी बंद करून पुढे जातात. मी तसं केलं नाही, कारण हे कसं चालतं ते मला बघायचं होतं. फक्त या कामापुरता काढलेल्या एका पत्त्यावरून मी विचारणा केली. उत्तर तासाभरात आलं. विक्रेता म्हणे सैन्यात, सध्या परदेशी तैनातीवर. ऑर्गन एका वाहतूक कंपनीच्या गोदामात खोक्यात तयार. पैसे आधी थेट त्याला द्यायचे नाहीत, ईबे ते मध्ये ठेवून घेईल, ऑर्गन पसंत पडला तरच त्याला मिळतील. ऐकायला किती न्याय्य! मग ‘ईबेकडून’ एक बिल आलं. बोधचिन्ह, रंग, ग्राहकसुरक्षेचा परिच्छेद, सगळं जागच्या जागी. पैसे भरायची पद्धत मात्र अशी: दुकानातून गिफ्ट कार्ड घ्या आणि मागचे आकडे खरवडून फोनवर सांगा. अमेरिकेतलं व्यापार आयोगाचं कार्यालय वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगत आलं आहे की गिफ्ट कार्डावर पैसे मागणारा हा ठगच असतो. कार्डाचे आकडे सांगितले की पैसे काही मिनिटांत निघून जातात आणि परत मिळणं जवळजवळ अशक्य होतं. मी ती जाहिरात ईबेला कळवली, सगळा पत्रव्यवहार एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राच्या संकेतस्थळावर भरला. जाहिरात लवकरच गायब झाली. त्या बाईचं खातं तिला परत मिळालं असेल अशी मला मनापासून आशा आहे.

या अनुभवातून माझी पद्धत ठरली. ती कागदपत्रांवर किंवा शेऱ्यांवर टेकलेली नाही. कागद बनवता येतो, शेरे चोरता येतात, फोटो उचलता येतो. पण ऑर्गन हे वाद्य आहे, आणि ज्याच्याकडे ते खरोखर आहे तोच ते वाजवू शकतो. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला मी ईबेच्याच निरोपांतून एकच विनंती पाठवायला लागले: ऑर्गन वाजवून दाखवा, मी सांगते त्या क्रमाने.

हा क्रम मी दर वेळी बदलत असे. तयार व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, त्यातला एखादा उचलून पाठवणं कुणालाही जमतं. पण ‘आधी सगळ्यात खालचा सी, मग मधला सी आणि जी एकत्र, मग वरून तिसरी काळी पट्टी’ असं मागितलं की उचललेला व्हिडिओ कामाचा राहत नाही. सोबत मागच्या बाजूच्या अनुक्रमांकाचा फोटो मागायचा, त्याच्या शेजारी हाताने आजची तारीख लिहिलेला कागद. एस्टीच्या अनुक्रमांकावरून ऑर्गन साधारण कधीचा हे काढता येतं, त्याच्या याद्या उपलब्ध आहेत. रीड ऑर्गन सोसायटी नावाची संस्था जगभरच्या अशा ऑर्गनांची नोंद ठेवते. ‘१८८० चा दुर्मिळ’ म्हणून मांडलेला एक ऑर्गन क्रमांकावरून कितीतरी नंतरचा निघाला. त्यात लबाडी असेलच असं नाही. आजोबांनी सांगितलेलं वर्ष नातवाने तसंच लिहिलेलं असू शकतं. पण ‘दुर्मिळ’ या शब्दासाठी मी जास्तीचे पैसे मोजणार नव्हते.

खरा माणूस या विनंतीला कसं उत्तर देतो ते बघण्यासारखं असतं. कुणी म्हणतं, मला वाजवता येत नाही, पट्ट्यांना नावं कुठली ते सांगा. मी दोन आणि तीन काळ्या पट्ट्यांचे गट समजावून सांगायचे, मग ते शोधून शोधून एका बोटाने वाजवायचे. ज्याच्याकडे वस्तू नाही त्याला मात्र एकदम घाई सुटते. दुसरे तीन गिऱ्हाईक थांबलेत, आज रात्री ठरवा. मोबाईल बिघडलाय. वस्तू भावाकडे आहे. एकाने लिहिलं की इतका अविश्वास असेल तर आपला व्यवहार नको. मीही तेच म्हणत होते.

आता व्हिडिओ आल्यावर ऐकायचं काय? या भागात मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण सगळी फसवणूक काही वस्तू न पाठवण्याची नसते. बिघडलेला ऑर्गन चांगला म्हणून विकणं हीसुद्धा फसवणूकच.

आपल्या हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये उलटं असतं, भाता हवा आत ओढून घेतो. त्यामुळे तपासायची रीतही थोडी वेगळी. कुठलीही पट्टी न दाबता पॅडल मारायला सांगायचं. भाता घट्ट असेल तर थोड्याच वेळात पॅडल जड होतात, पाय खाली जाईनासा होतो. मग थांबायचं. भाता हळूहळू फुलत परत आला तर ठीक. दोन-तीन सेकंदांत फस्सकन उघडला तर कापड गेलेलं आहे. भात्याचं कापड रबर लावलेलं असतं, ते जुनं झालं की घड्यांवर चिरतं. सगळं कापड नव्याने चढवायचं म्हणजे आठवड्यांचं काम, आणि करून देणारी माणसं फार थोडी. ‘पूर्ण दुरुस्त केलेला’ असं लिहिलेल्या ऑर्गनचं कापड मी आवर्जून विचारते. अनेकदा दुरुस्ती म्हणजे लाकडाला पॉलिश.

पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर आतली झडप नीट बसत नाही. बहुतेक वेळा कचरा किंवा कसर लागलेली लोकर असते, ते काढता येतं. एखादा सूर वाजतच नसेल तर धूळ अडकलेली असू शकते. पितळी सूर, म्हणजे आतली रीड, बाहेर ओढून मऊ ब्रशने झाडला की बोलतो. पण सूर वाजतो आणि खालच्या बाजूला भलताच उतरलेला, भर्र करणारा असेल तर त्याची जीभ चिरलेली असण्याची शक्यता. तो बदलावा लागतो आणि बदली सूर दुसऱ्या मेलेल्या ऑर्गनमधून काढावा लागतो. हे सगळं फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, फक्त विक्रेत्याने एकेक पट्टी सावकाश वाजवली पाहिजे. नुसतं गाणं वाजवून दाखवलं तर मेलेले सूर लपतात. गाणं वाजवणाऱ्याला आपल्या ऑर्गनचे कुठले सूर टाळायचे ते ठाऊक असतं.

आणखी एक विचारायचं: इथल्या घरांत हिवाळाभर हीटर चालतो, तेव्हा ऑर्गन कुठे होता? कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि सुरांची फळी तडकते. तळघरात असेल तर उलट ओल आणि उंदीर. खरा मालक याचं उत्तर लगेच देतो, कारण त्याने तो रोज बघितलेला असतो.

‘चाचणी केलेली नाही, जसा आहे तसा’ हे शब्द जाहिरातीत दिसले की मी दोन प्रकारच्या विक्रेत्यांत फरक करते. घर रिकामं करणाऱ्या कुणी ते लिहिलं असेल तर तो खरंच सांगतोय. पण ज्याच्या बाकी सगळ्या जाहिराती वाद्यांच्याच आहेत, ज्याला प्रत्येक गिटारचं साल आणि लाकूड माहीत आहे, त्याने एका ऑर्गनचं पॅडल मारून पाहिलं नाही हे मला पटत नाही.

बोलीचंही सांगते. ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता, ती इतरांना दिसत नाही. समोरून बोली आली की यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतंच वाढवते. वेळ संपली की लिलाव संपतो. म्हणून मी रक्कम आधी कागदावर लिहायचे, प्रवासखर्च आणि दुरुस्ती त्यातून वजा करून, आणि शेवटच्या मिनिटाला एकदाच टाकायचे. लवकर टाकलेली मोठी बोली विक्रेत्याच्या साथीदारांना फुगवायला सापडते. बोलींच्या यादीत नावं झाकलेली असतात, तरी एखादा नवा सदस्य ज्याचे शेरे शून्य आहेत, तो पुन्हा पुन्हा थोडं थोडं चढवतो आणि कमाल रक्कम जवळ आली की थांबतो, असं दिसलं की मी त्या विक्रेत्याचे जुने लिलावही उघडून बघते. स्वतःच्याच मालावर बोली लावणं ईबेच्या नियमात बसत नाही.

एक बिलहॉर्नचा ऑर्गन थोडक्यात हातचा गेला. रेकॉर्डिंग सुरेख होतं, सूर एकसारखे होते. ऑर्गनप्रेमींच्या एका फेसबुक गटात मी त्याच्याबद्दल आधीच चौकशी केलेली होती, आणि लिलाव संपल्यावर तिथे लिहिलं की दुसऱ्या कुणाला मिळाला. दोन दिवसांत मेल आला: जिंकलेल्या माणसाने पैसे भरले नाहीत, तुम्हाला दुसरी संधी. ही ‘दुसरी संधी’ ईबेवर खरोखर असते, म्हणूनच हा सापळा चांगला आहे. पण खरी संधी तुम्ही लावलेल्या बोलीच्याच रकमेला येते आणि ईबेवर लॉगिन केल्यावर तुमच्या निरोपांत दिसते. या मेलमध्ये रक्कम माझ्या बोलीपेक्षा कमी होती, आणि माझ्या खात्यात कसलाच निरोप नव्हता. मी मूळ विक्रेत्याला ईबेवरून विचारलं. त्याने उत्तर दिलं की ऑर्गन कालच खोक्यात भरून पाठवला. आवडलेली वस्तू हुकल्यावर जी हळहळ असते, नेमकी तीच पकडून हे लोक येतात. त्यांचा मला राग येतो, अजूनही.

याच सुमारास मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एका काकांनी आनंदाने एक मेल पुढे पाठवला. एका प्राध्यापकबाईंच्या दिवंगत पतीचा बेबी ग्रँड पियानो, वाद्यावर प्रेम करणाऱ्या कुणालाही मोफत, फक्त वाहतुकीचा खर्च द्यायचा. मी काकांना लगेच फोन केला. हा मेल अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये प्रचंड फिरला आहे. प्रूफपॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने २०२४ मध्ये त्याबद्दल लिहिलं तेव्हा अशा मेलची संख्या लाखाच्या वर गेलेली होती. पियानो नसतोच, वाहतूक कंपनीही त्याच माणसांची. काका म्हणाले, “अगं, पण नवरा गेलाय म्हणून लिहिलंय, त्यावर संशय कसा घ्यायचा?” त्यांचं मन चांगलं आहे आणि मेल लिहिणाऱ्याने तेच हेरलं होतं. मी म्हटलं, “काका, संशय नका घेऊ. त्यांना फक्त सांगा, पियानो वाजवून दाखवा.” काकांनी तसं लिहिलं. पलीकडून पुन्हा उत्तर आलं नाही.

शेवटी ऑर्गन मिळाला तो पेनसिल्व्हेनियातल्या एका आजींकडून. त्या आयुष्यभर गावच्या चर्चमध्ये वाजवत होत्या, चर्च बंद झालं तेव्हा घडीचा एस्टी त्यांच्याकडे आला. त्यांच्या नातवाने जाहिरात टाकली होती, फोटो अंधारे, वर्णन दोन ओळींचं. माझी विनंती पोचल्यावर आजींनी स्वतः बसून सगळ्या पट्ट्या खालून वर वाजवल्या आणि कुठे काय दुखतंय ते बोलत गेल्या. हा सूर पावसाळी हवेत चिकटतो. हा वरचा बोलत नाही, माझ्या बहिणीने एकदा त्यात पाणी सांडलं होतं. उजवं पॅडल करकरतं. इतकं नेमकं सांगणारा माणूस मला सगळ्या शोधात भेटला नव्हता.

त्यांनीही मला विचारलं, ईबेचं कमिशन कशाला घालवायचं, सरळ चेक देतेस का? बाहेर व्यवहार मागणारा प्रत्येक जण ठग नसतो. आजींना खरंच चार पैसे वाचवायचे होते. तरी मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. पैसे ईबेतून दिले तर वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास पोचल्यापासून तीस दिवसांत तक्रार करता येते. विक्रेत्याला उत्तर द्यायला कामाचे तीन दिवस मिळतात, मग ईबे स्वतः मध्ये पडते. बाहेर चेक, झेल (बँकेतून थेट पैसे पाठवायची इथली सोय) किंवा पेपालचा मित्र-नातेवाइकांसाठीचा मार्ग वापरला की हे संरक्षण संपतं. हे संरक्षण त्यांनाही आहे, कारण बनावट चेक देऊन सामान घेऊन जाणारे गिऱ्हाईकही असतात. मग आजींनी स्वतःच सांगितलं की त्यांच्या शेजाऱ्याला असा चेक मिळाला होता. लिलाव रीतसर झाला, माझी बोली टिकली.

घेऊन जायला आम्हीच गेलो, मी आणि माझा नवरा. ईबेवर स्वतः नेण्याचा पर्याय निवडला की विकत घेणाऱ्याला एक कोड मिळतो. तो विक्रेत्याला दिला की वस्तू हातात पडली अशी नोंद होते, नंतर ‘मिळालीच नाही’ म्हणता येत नाही. म्हणून कोड द्यायचा तो बघून, वाजवून झाल्यावर. कोड आधी फोनवर सांगा म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच मागे फिरायचं. आजींच्या स्वयंपाकघरात मी ऑर्गन उघडला, पॅडल जड होतात का बघितलं, अनुक्रमांक फोटोशी जुळवला, मागची फळी काढून उंदराची लेंडी कुठे आहे का टॉर्चने पाहिलं. आजी शेजारी उभ्या राहून सगळं बघत होत्या आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वाद्य घेणाऱ्याने असंच घ्यावं, असं त्या म्हणाल्या. मग मी एक पद वाजवलं. त्यांनी दोनदा वाजवायला लावलं.

गायिकांसाठी दोन वापरलेले माइकही लिलावातूनच घेतले, शुअरचे एसएम ५८. १९६६ पासून बनणारा हा माइक इतका चालतो की त्याच्या नकलाही तितक्याच चालतात. नक्कल बाहेरून हुबेहूब असते. कंपनीने दिलेलं खऱ्या माइकचं वजन २९८ ग्रॅम आहे. दोन्ही आले त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तर एक बरोबर आणि एक बराच हलका. हलका हातात फिरवला की स्पीकरमधून खडखडाट यायचा. खऱ्या माइकच्या आत धक्के शोषणारी रचना असते, ती त्यात नव्हती. काट्यावरचा फोटो जोडून ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार टाकली, पैसे परत आले. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ मी आधीपासून घेत होते, तो कामाला आला.

आमच्या तबलजीला मात्र वेगळाच प्रकार भेटला. त्याने घेतलेला साउंड मिक्सर ‘पोचला’ अशी नोंद टपालाच्या संकेतस्थळावर आली, घरी काहीच नाही. यात विक्रेता त्याच पिनकोडमधल्या दुसऱ्याच कुठल्या पत्त्यावर एक पाकीट पाठवतो. संकेतस्थळावर नुसतं गाव आणि पिनकोड दिसतो, त्यामुळे नोंद खरी वाटते. तो टपाल कार्यालयात गेला, तिथल्या बाईंनी प्रत्यक्ष पत्ता आणि वजन तपासलं. मिक्सरचं वजन काही औंस कसं असेल? त्यांनी ते लिहून दिलं आणि त्या कागदावर तबलजीची तक्रार मान्य झाली. तो आता नोंद दिसली की थांबत नाही, त्याच दिवशी जाऊन विचारतो.

ऑर्गनचा न बोलणारा वरचा सूर झाडून बोलायला लागला. चिकटणाऱ्या सुराची लोकर बदलली. उजवं पॅडल अजून थोडं करकरतं. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी आजींना पाठवलं, तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं की ते गाणं कुठल्या भाषेत होतं आणि त्यात त्यांचा ऑर्गन इतका वेळ एकाच सुरावर का थांबला होता. मी सांगितलं, तिथे गाणारी तान घेत होती.

टोरांटोचा एक मुलगा सध्या घडीचा ऑर्गन शोधतो आहे. त्याने पाठवलेली जाहिरात मी बघितली, फोटो चांगले आहेत आणि भावही बरोबर आहे. विक्रेत्याला त्याने पट्ट्यांचा क्रम पाठवलाय, अजून व्हिडिओ आलेला नाही. लिलाव रविवारी रात्री संपतो. शनिवारपर्यंत ऑर्गन वाजला नाही तर बोली लावायची नाही, असं आमचं ठरलं आहे.